वर्षाचं वचन आणि वाया गेलेली बाग

पत्र: "सलाम. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो, दीड एकर द्राक्षबाग आहे. मागच्या वर्षअखेरच्या उपासनेत मी येणाऱ्या वर्षासाठी बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी काढली तेव्हा यिर्मया २९:११ आलं, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' हे देवाचं वचन. फ्रेम करून दारावर लावलं. यंदा फुलोऱ्यातच पाऊस लागला, डाऊनी हा बुरशीचा रोग आला, निम्माही माल हाती लागला नाही. जे घड वाचले ते बेदाण्याला घातले. सोसायटीचं कर्ज तसंच आहे. ह्या ३१ डिसेंबरला मी चिठ्ठी काढलीच नाही. सासूबाई म्हणतात, विश्वास कमी पडला. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन येतं. मी आमेन लिहिते, पुढे चार जणींना पाठवते आणि भाकऱ्या होईपर्यंत विसरून जाते. हे रात्री उठून बागेत फिरतात, धड जेवत नाहीत, 'आता काही खरं नाही' म्हणतात. वचनावर मनन करा म्हणतात, म्हणजे नेमकं करायचं काय? मला सकाळी पंधरा मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही."

सलाम ताई.

आधी तुमच्या यजमानांचं बोलू, मनन नंतर. झोप नाही, जेवणावर मन नाही, 'काही खरं नाही' ही भाषा, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. सांगली-मिरजेत मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. तिथवर जायला ते तयार नसतील तर गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि घरच्या माणसाने फोन केला तरी चालतो. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्यांना एकांतात सरळ विचारा. विचारल्याने तसला विचार डोक्यात भरतो ही भीती खोटी आहे, उलट कोणी विचारलं की माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि फवारणीची औषधं आजच कुलपात घाला, किल्ली दिरांकडे किंवा शेजारी द्या.

यात विश्वास उणा पडल्यासारखं काही नाही. पवित्र शास्त्रात १ राजे १९ काढून पाहा. एलीया हा संदेष्टा एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. त्या घडीला त्याला कोणी उपदेश करत नाही. तो झोपतो. दूत येऊन उठवतो तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. तो खातो, पुन्हा झोपतो, दूत दुसऱ्यांदा उठवून खायला लावतो, वाट लांबची आहे म्हणतो. मग चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर देव त्याच्याशी बोलतो, तेही हळू आवाजात. मंडळीतली माणसं घरी येऊन यजमानांना वचनं ऐकवत असतील तर त्यांना चहा द्या आणि हा अध्याय वाचायला सांगा.

आता चिठ्ठीचं. यिर्मया २९:११ हे एका पत्रातलं वाक्य आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून तिथला राजा, राजमाता, सरदार, कारागीर आणि लोहार उचलून नेले. यिर्मया हा संदेष्टा मागे राहिला आणि त्याने त्या बंदिवानांना पत्र धाडलं. त्याच्या आधीच्या, अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाच्या पत्रात दहाव्या वचनात आकडा आहे सत्तर वर्षांचा. म्हणजे ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यांतले बहुतेक जण परमुलखातच मरणार होते, आणि हिताच्या संकल्पांचं ते अकरावं वचन त्यांनाच उद्देशून आहे. आपण चिठ्ठीवर अकरावं छापतो आणि दहावं गाळतो. दहावं छापलं तर ती चिठ्ठी कोणी हसत घरी नेणार नाही, हेही खरं.

तेव्हा या हंगामात तुमची बाग उतरेल असा शब्द देवाने तुम्हाला दिला नव्हता. तो चिठ्ठीच्या पद्धतीने दिल्यासारखा वाटला. चूक तुमच्या विश्वासात नाही, शेजारची वचनं तोडून एकच हातात देण्यात आहे. सासूबाईंना मत्तय ५:४५ दाखवा: पाऊस नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पडतो. तिथे येशू पाऊस ही चांगली गोष्ट म्हणून सांगतो, फुलोऱ्यातल्या द्राक्षवाल्याच्या कानाला ते वेगळं लागेल. पण मुद्दा तोच. त्याच पावसात तुमच्या भोवतालच्या बागाही गेल्या आणि त्या सगळ्यांच्या विश्वासाचं माप कोणी काढलं नाही.

त्या पत्रातलं पाचवं वचन मात्र तुमच्या फार कामाचं आहे. घरं बांधून राहा, बागा लावून त्यांची फळं खा. सहाव्यात लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. सातव्यात, ज्या नगरात नेऊन टाकलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. वाईट काळात देवाने आपल्या लोकांना दिलेली कामं ही अशी रोजची आहेत. तुमच्याकडे त्यांचं रूप म्हणजे एप्रिलची खरड छाटणी करायची की नाही आणि केली तर खर्च कुठून, सोसायटीत कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारलं का, फळपीक विमा भरला होता का, तलाठी आणि कृषी सहायकांनी केलेल्या पंचनाम्याची प्रत हातात आहे का. ही कामं करताना आपण देवावरचा भरवसा सोडून धावाधाव करतोय असं वाटू देऊ नका. पाचवं वचन हेच सांगतंय.

एवढ्यात तुम्ही मनन म्हणजे काय ते निम्मं केलंत. उरलेलं निम्मं पद्धतीचं.

पंधरा मिनिटं पुरतात, पण ती कधीची हे महत्त्वाचं. गॅस पेटवायच्या आधीची घ्या. एकदा दूध, डबे, पाणी सुरू झालं की ती परत सापडत नाहीत. रात्रीची वेळ सगळ्यांत कच्ची, तिसऱ्या ओळीला डोळा लागतो. सकाळ जमतच नसेल तर दुपारी भांडी झाल्यावर बसा. छापील पवित्र शास्त्र, शंभर पानी वही आणि पेन, इतकंच लागतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. त्यात शास्त्र असलं तरी नको, कारण त्यातच ग्रुपही आहे. बागेत काम करताना तोच उतारा मोबाईलवर ऐकायचा असेल तर जरूर ऐका, ते दुसऱ्यांदा ऐकणं म्हणून चांगलं.

पहिलं एक मिनिट नुसतं बसा. पुढची पाच मिनिटं उतारा मोठ्याने दोनदा वाचा, पुटपुटू नका, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात. दहा-बारा वचनांना एका वाचनाला दीड-दोन मिनिटं लागतात. मनात वाचलं की ओळखीचे शब्द डोळा गाळतो, आवाजात वाचताना ते जमत नाही. दुसऱ्या वाचनात जिथे अडखळाल किंवा जिथे राग येईल तिथे पेन्सिलीची खूण करा. राग आलेली जागा आवडलेल्या जागेपेक्षा जास्त उपयोगाची असते.

मग पाच मिनिटं वही. चार प्रश्न, प्रत्येकाला एकच ओळ. हे कोण कोणाला म्हणतोय? याच्या आधी आणि नंतर काय आहे? देव इथे काय करतो किंवा काय सांगतो? मला इथे काय करायचंय, सोडायचंय किंवा कशाबद्दल आभार मानायचेत? पहिले दोन प्रश्न टाळून लोक थेट चौथ्यावर उडी घेतात, आणि यिर्मयाची फ्रेम होते ती तिथेच. तीन मिनिटं प्रार्थना, शक्यतो त्याच उताऱ्यातले शब्द घेऊन. एरवी आपल्या प्रार्थनेत रोज तीच चार वाक्यं फिरतात.

शेवटच्या मिनिटात त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत करायचं एक काम लिहा. त्यात माणसाचं नाव आणि वेळ असलीच पाहिजे. 'मी आज सहनशील राहीन' हे चालणार नाही, ते संध्याकाळी तपासता येत नाही. 'अकरा वाजता जाऊबाईंना फोन करून बेदाणा शेडच्या भाड्याचं बोलणं मिटवीन' हे चालेल. याकोब १:२२ ते २५ मध्ये आरशात तोंड पाहून निघून जाणारा आणि आपण कसे दिसतो ते विसरणारा माणूस आहे. भाकऱ्या होईपर्यंत विसरणं म्हणजे हेच, आणि याकोबाच्या मते इलाज स्मरणशक्तीत नाही, करण्यात आहे. केलेलं वचन विसरत नाही.

रोज नवा उतारा घेऊ नका. एकच उतारा सोमवार ते शनिवार. पहिल्या आठवड्याला यिर्मया २९:४ ते १४ घ्या. अकरा वचनं आहेत आणि तुमचं भांडण त्याच्याशीच आहे. सोमवारी सगळा उतारा आणि नुसते पहिले दोन प्रश्न. मंगळवारी चार ते सात आणि त्यात करायला सांगितलेल्या कामांची यादी. बुधवारी आठ ते दहा, आपल्याला गोड बोलून फसवणारे कोण ते पाहायला. अकरावं वचन गुरुवारपर्यंत हातात घेऊ नका. शुक्रवारी बारा ते चौदा, तिथे शोधण्याची आणि सापडण्याची भाषा आहे, ती प्रार्थनेत वापरा. शनिवारी वहीतली आठवड्याची पानं वाचून काढा आणि राहिलेलं एखादं काम उरका.

दुसऱ्या आठवड्याला स्तोत्र १३. सहाच वचनं. पहिली दोन तक्रारीची: किती वेळ, किती वेळ, असं चार वेळा विचारलंय. पुढची दोन मागणीची, शेवटची दोन भरवशाची. वहीत तुमच्या शब्दांत तसेच तीन भाग लिहा. तक्रार सभ्य करू नका. औषधांना गेलेल्या रुपयांचा आकडासुद्धा घाला. आपल्याकडे उपासनेत साक्ष देताना माणूस थेट तिसऱ्या भागापासून सुरुवात करतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की पहिला भाग फक्त आपल्याच घरी आहे. तिसरा भाग त्या आठवड्यात तुमच्याकडून लिहिला गेला नाही तर कोरा ठेवा. स्तोत्र ८८ तसंच अंधारात संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे.

हबक्कूक ३:१७ ते १९ तुम्हाला कोणीतरी पाठवेलच, कारण त्यात द्राक्षवेलीला फळ न आल्याचं नाव घेऊन लिहिलंय, आणि तरीही परमेश्वरात आनंद करीन असं आहे. ते इतक्यात घेऊ नका. पुस्तक तीनच अध्यायांचं आहे आणि पहिल्या दोन अध्यायांत हबक्कूक देवाशी वाद घालतो, 'किती वेळ' यापासूनच त्याचीही सुरुवात आहे. तिसऱ्या आठवड्यात तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचा, वीस मिनिटांत होतात. मग शेवटचा परिच्छेद जबरदस्तीचा वाटणार नाही.

त्यानंतर मार्क घ्या. सोळा अध्याय, गोष्टी छोट्या, आठवड्याला एक प्रसंग. फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे, तेही चांगलं. १ जानेवारीला उत्पत्तीपासून वर्षभरात सगळं संपवायची योजना मननासाठी घेऊ नका. प्रॉटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकांत मिळून ११८९ अध्याय आहेत, म्हणजे दिवसाला तीनच्या वर. निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची मापं सुरू होतात, पुढे लेवीय येतं, आणि फेब्रुवारी संपायच्या आत बहुतेकांचं वाचन बंद पडतं. ज्यांना जमतं त्यांनी ते वेगळं करावं. ते वाचन आहे.

सगळी वचनं एका जातीची नसतात, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ईयोब ८:७ हे वचन चिठ्ठ्यांवर आणि दुकानांच्या भिंतींवर फार असतं: आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल. ते संकटात सापडलेल्या ईयोबाला भेटायला आलेल्या एका मित्राचं, बिल्ददाचं बोलणं आहे. तोच बिल्दद तीन वचनं आधी ईयोबाला सांगतो की तुझी मुलं पापामुळे मेली. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव म्हणतो की हे मित्र माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत. नीतिसूत्रे २२:६, मुलाला योग्य वळण लावलं तर म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, हे अनुभवाचं बोल आहे, करारपत्र नाही. मुलगा वाकड्या वाटेला लागला म्हणून आईने त्या वचनावरून स्वतःला दोषी धरू नये. फिलिप्पै ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो, हे परीक्षेच्या पॅडवर लिहितात, पण आधीच्या दोन वचनांत ते पत्र लिहिणारा पौल, तोही कैदेतून, सांगतो की पोटभर असताना आणि उपाशी असताना कसं राहायचं हे मी शिकलोय. ते जिंकण्यापेक्षा निभावून नेण्याबद्दल आहे. तुमच्या घराला सध्या ते जास्त लागू पडतं.

सर्वांत मोठा दाखला मत्तय ४:६ मधला. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाक म्हणतो आणि देवदूत तुला झेलतील हे स्तोत्र ९१ ऐकवतो. वचन खरंच शास्त्रातलं, वापर खोटा. येशू त्याला उत्तर देतो ते दुसऱ्या वचनाने, अनुवाद या पुस्तकातल्या ६:१६ ने: देवाची परीक्षा पाहू नको. एका वचनावर काही मोठं ठरवायच्या आधी दुसऱ्याशी ताडून पाहायचं ते म्हणूनच. पाच-सहा जणी एकत्र बसून वाचलं तर हे आपोआप होतं, कारण कोणीतरी 'पण तिकडे तर असं लिहिलंय' म्हणतंच. आणि आकड्यांचा धाक बाळगू नका. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, नव्या कराराला वचनांचे क्रमांक १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. यिर्मयाच्या पत्राला अकरा नंबरचं वाक्य नव्हतं. ते सलग वाचलं गेलं.

डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं, ही सवय सासूबाईंची असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त तो अख्खा अध्याय त्यांना वाचून दाखवा. दुसरा घोटाळा असा की वाचताना वचन नवऱ्याला किंवा जावेला लागू करून मोकळं व्हायचं. वहीत दुसऱ्याचं नाव दोषाच्या बाजूला आलं की ती ओळ खोडा. आणि चार दिवस चुकले तर भरून काढू नका. ज्या वारी परत बसाल त्या वारचा भाग घ्या. बेदाण्याच्या दिवसांत आठवडा चुकणारच, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

पाठ करायला आठवड्याला एकच वचन, क्रमांकासकट. पहिल्या दिवशी कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवा, मग दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी न बघता म्हणा. यिर्मयात पाठ करायचं असेल तर सातवं करा, अकरावं तुम्हाला येतंच.

ग्रुपवर यापुढे सकाळी आमेन लिहू नका. आलेलं वचन वाचा, संध्याकाळपर्यंत थांबा, तो परिच्छेद पाहून घ्या, आणि मग पाठवावंसं वाटलं तर एकीलाच पाठवा, सोबत तुमचं स्वतःचं एक वाक्य लिहून. ज्या घरात पीक गेलंय किंवा माणूस गेलंय तिथे पहिल्या महिन्यात वचन पाठवण्यापेक्षा डबा पाठवा. दारावरची फ्रेम काढायची गरज नाही. खाली पेनाने 'वचनं ४ ते १४' एवढं लिहा.

राहिली चिठ्ठी. पुढच्या ३१ डिसेंबरला ती काढायची की नाही हे तुम्ही ठरवा, त्यात पाप-पुण्य काही नाही. पण चिठ्ठ्या तयार करायचं काम बहुधा महिला मंडळाकडे किंवा तरुण संघाकडे असतं, आणि ते नोव्हेंबरातच होतं. ऑक्टोबरच्या सभेत पाळकांपुढे मांडा: प्रत्येक चिठ्ठीच्या मागे, हे कोण कोणाला म्हणालं ते एका ओळीत आणि सोबत वाचायची दहा वचनं कोणती, एवढं छापावं. आणि ईयोबाच्या मित्रांच्या चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या काढाव्यात.